ताकद वाढवायची तर आधी हिसाब मांडा

चंद्रपूर, मूल, गडचिरोली या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजवर बसलं की हल्ली 'रीमॅप' हा शब्द हमखास कानावर पडतो. टर्बो डिझेल गाडी घ्यायची, तिच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचा आणि 140 अश्वशक्तीच्या जागी 180 काढायची. माझे काही जुने विद्यार्थी आता स्वतः मिस्त्री झाले आहेत. ते विचारतात, "सर, खरंच होतं का हे? इंजिन टिकतं का?" मी उर्दू-मराठीचा मास्तर, पाना-पक्कड माझं काम नव्हे. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं. ताकद वाढते आणि इंजिन टिकतंही. फक्त ज्यांनी ते टिकवून दाखवलं, त्यांनी काय काय बदललं ते बघितलं पाहिजे.

टर्बोचं तत्त्व सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येतं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, पण ती डिझेल इंजिनावर मनासारखी चालायला 1925 साल उजाडलं. तेव्हा ताकद 40 टक्क्यांहून अधिक वाढली. म्हणजे मूळ शोधकर्त्यालाही वीस वर्षं सब्र करावा लागला.

अडचण होती आणि आहे ती उष्णतेची. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे मुलांनाही माहीत असतं. टर्बोतही तेच होतं. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर लागतो. वर जादा इंधनाची जादा आग पिस्टन, व्हॉल्व्ह आणि खुद्द टर्बोला सोसावी लागते.

1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो असलेली पेट्रोल मोटार विक्रीला आली. इंजिनात धडाका होऊ नये म्हणून एका वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत सोडलं जाई. टाकी रिकामी झाली की यंत्रणा आपोआप टर्बोचा दाब कमी करी. कित्येक मालक ती टाकी भरायचेच नाहीत आणि मग गाडीत दम नाही म्हणून तक्रार करायचे. दोनच वर्षांत हे मॉडेल बंद झालं. इंजिन वाचवण्याची सोय कंपनीने केली होती, पण ती रोज सांभाळायची सवय लोकांना नव्हती.

आता आपल्या मुलखातलं उदाहरण घ्या. बल्लारशाहहून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करत गोंदियाला जाणाऱ्या लाइनवर विजेच्या तारा अलीकडच्या. त्याआधी तिथे डिझेलचाच आवाज होता. भारतीय रेल्वेचं सगळ्यात ओळखीचं डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-2. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं, सोळा सिलिंडरचं, टर्बो असलेलं आणि 2,600 अश्वशक्तीचं. 1962 मध्ये ते भारतात आलं आणि 1964 पासून वाराणसीत बनू लागलं. 1969 मध्ये अल्कोने रेल्वे इंजिनं बनवणंच थांबवलं. उस्ताद उठून गेले, शागिर्दांना पुढचं स्वतःच शिकावं लागलं.

ते शिकलेही. सोळा सिलिंडरच्या त्याच इंजिनातून 1990 च्या दशकात 3,100 आणि पुढे 3,300 अश्वशक्ती काढली गेली. वाढ सुमारे 27 टक्के, आणि तिला चाळीसेक वर्षं लागली. या काळात काय काय बदललं? टर्बो जास्त कार्यक्षम बसवला. दाबलेली हवा थंड करणारा कूलर मोठा केला. पिस्टनला पोलादी टोपी आली. कॅमशाफ्ट नवा आला. इंधन पंपाचा प्लंजर 15 मिलिमीटरचा 17 झाला. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेत चाचण्या झाल्या. म्हणजे वाढीव इंधनासोबत वाढीव उष्णतेची वाटही मोठी केली.

मोटारींचंही तसंच. पुण्याच्या टाटा मोटर्सने सफारीच्या 2.2 लिटर इंजिनाची ताकद 2015 मध्ये 140 वरून 156 अश्वशक्तीवर नेली आणि टॉर्क 320 वरून 400 न्यूटन-मीटरवर. त्यासोबत सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स दिला. सगळी साधनं हाताशी असलेली कंपनी 16 अश्वशक्ती वाढवताना एवढं करते. गॅरेजवर अर्ध्या तासात 40 वाढवून देणारा गिअरबॉक्सचा विचार कधी करतो, हे त्याला जरूर विचारा.

आपल्याकडच्या उन्हाचाही हिसाब हवा. 25 अंशांच्या हवेपेक्षा 47 अंशांची हवा सुमारे 7 टक्के विरळ असते. गार हवेत जमवलेला प्रोग्राम चंद्रपूरच्या मे महिन्यात तेवढंच डिझेल ओतत राहिला, तर काळा धूर निघतो आणि धुराचं तापमान चढतं. हिवाळ्यात झकास पळणारी गाडी उन्हाळ्यात टर्बो खाते, ती अशी.

म्हणून ज्याला हे करायचंच आहे, त्याने क्रम पाळावा. आधी इंजिनाची तब्येत: कॉम्प्रेशन, इंजेक्टर, ऑइलचा दाब, रेडिएटर. मग टर्बोचा दाब आणि धुराचं तापमान दाखवणारे मीटर. मग मोठा इंटरकूलर आणि मजबूत क्लच. प्रोग्राम सगळ्यात शेवटी, तोही थोडाथोडा, दर वेळी मीटरचे आकडे वहीत लिहून. ऑइल मुदतीआधी बदला. चढ चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, इंजिन मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहील.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीत न बसणारे बदल करायला मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ती वेगळीच.

आणि आपण राहतो कुठे, तेही ध्यानात असू द्या. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर रात्री गाडी बंद पडली तर मैलोन् मैल गॅरेज नाही आणि मोबाइलला रेंज नाही. त्याच गाडीत कधी गावातली बाळंतीण असते, कधी साप चावलेला माणूस. आमच्याकडे बऱ्याच खाजगी गाड्या वेळप्रसंगी अॅम्ब्युलन्स होतात. ज्या गाडीवर घराची आणि गावाची अशी भिस्त आहे, ती कंपनीने दिली तशीच ठेवा. हौस दुसऱ्या गाडीवर, वही आणि मीटर घेऊन करा.