विज्ञान-अध्यापनाची साधने, प्राथमिक शाळांतील

निरीक्षण व प्रयोग यांसाठी वर्गात वापरण्यात येणारी उपकरणे, नमुने, तक्ते व पदार्थ यांचा समावेश विज्ञान-अध्यापनाच्या साधनांत होतो. साधने शाळेस पुरविणे आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील विज्ञान-शिक्षकांसाठी युनेस्कोने एक पुस्तिका काढली होती. तिच्या आधारे १९५६ मध्ये एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. डबे, बाटल्या, तारा यांसारख्या सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून उपकरणे करण्याच्या रीती त्यात दिल्या होत्या.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (स्थापना १९६१) शाळांसाठी विज्ञानपेट्या तयार केल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणास अनुसरून १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत अशा पेटीचा किमान साहित्यात समावेश होता. तथापि अनेक शाळांत ती कपाटातच राहिली. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील प्रत्येक वस्तूचा हिशोब शिक्षकास द्यावा लागे. त्यामुळे मोडतोडीची धास्ती असे. शिवाय परीक्षेत प्रयोगापेक्षा पाठांतरास महत्त्व होते.

या अडचणींवर मध्य प्रदेशातील होशंगाबाद (सध्याचा नर्मदापुरम्) जिल्ह्यात वेगळा उपाय योजण्यात आला. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगाधारित विज्ञान-शिक्षण सुरू केले. त्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांचे साहाय्य लाभले. मुले लहान गटांत स्वतः प्रयोग करीत. सुईऐवजी बाभळीचा काटा, परीक्षानळीऐवजी इंजेक्शनची रिकामी बाटली अशा वस्तूंमुळे खर्च कमी झाला. वस्तू फुटणारच, हे गृहीत धरून त्यांच्या भरपाईची तरतूद केलेली असे. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती व प्रात्यक्षिकासही गुण होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर विशेष भर होता. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर विस्तारला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालविला. २००२ मध्ये राज्यशासनाने तो बंद केला.

साधने स्वस्त असणे पुरेसे नसते. ती मोडण्याची मोकळीक, शिक्षकाची तयारी व प्रयोगास स्थान देणारी परीक्षा या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तरच त्यांचा वापर होतो, हे होशंगाबादच्या तीस वर्षांच्या अनुभवाचे सार होय.