काळी पट्टी, पांढरं मलम

1960 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शल्यविभागात, भाजलेल्या रुग्णांच्या पट्ट्या काळ्या पडू लागल्या. पट्ट्यांबरोबर चादरी, फरशा आणि परिचारिकांची बोटंही. पट्ट्यांना लावलेल्या सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराचा थेंब जिथे पडेल तिथे उजेड लागताच तपकिरी-काळा डाग उमटायचा, तो साबणाने जायचा नाही. डॉ. कार्ल मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डाग आनंदाने पत्करले, कारण त्या काळ्या पट्ट्यांखाली माणसं जगत होती.

भाजलेल्या माणसाचं मरण तोवर थोडं पुढे ढकललं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शिरेतून द्रव देण्याचं तंत्र सुधारलं आणि पहिल्या दोन दिवसांत शॉकने दगावणारे रुग्ण तगू लागले. मात्र आठवड्याभरात जखमेवर हिरवट-निळा पू दिसे, ताप चढे आणि वाचलासा वाटणारा रुग्ण हातचा जाई. स्यूडोमोनास नावाचा जंतू यातला मोठा मारेकरी. पेनिसिलिनला तो दाद देत नसे. शिवाय जळून मेलेल्या कातडीत रक्त फिरत नाही. मग सुईने टोचलेलं औषध तिथवर पोचणार कसं? औषध बाहेरूनच, थेट जखमेवर लावायला हवं होतं.

चांदी शल्यचिकित्सेला परकी नव्हती. 1849 मध्ये अलाबामात मॅरियन सिम्स यांनी प्रसूतीत झालेल्या फाटी चांदीच्या तारेने शिवल्या आणि इतर टाक्यांनी चिघळणाऱ्या त्या जखमा भरल्या. हे प्रयोग गुलाम स्त्रियांवर, भूल न देता झाले होते. चांदीच्या इतिहासात त्या स्त्रियांच्या वेदनेची नोंद राहायलाच हवी. 1880 मध्ये लाइपझिगचे कार्ल क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले आणि जन्मतःच जडणाऱ्या संसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने घटलं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यविशारद हॉल्स्टेड टाके घातलेल्या जखमेवर चांदीचा पातळ वर्ख अंथरत. पुढे प्रतिजैविकं आली आणि चांदी मागे पडली.

मॉयर यांनी तिला परत आणलं ते बेताने. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात द्रावणाचं प्रमाण अवघं 0.5 टक्के आहे. त्याहून तीव्र द्रावण नव्याने उगवणाऱ्या कातडीलाही जाळतं, आणि फारच फिकं केलं तर जंतू मरत नाहीत. या दोन धोक्यांमधली चिंचोळी वाट शोधणं हेच त्यांचं खरं काम. जाड गॉझचे थर या द्रावणात भिजवून जखमेवर बांधायचे आणि ते कधी सुकू द्यायचे नाहीत. चांदीचे आयन जंतूंच्या विकरांमधल्या गंधकाला चिकटतात आणि त्यांचा कारभार बंद पाडतात. पण याची किंमतही होती. द्रावणात मीठ जवळपास नसल्यामुळे ते रुग्णाच्या अंगातलं सोडियम आणि क्लोराइड जखमेतून ओढून घेई. लहान मुलांत तर हे फार वेगाने घडे. म्हणून रक्त सतत तपासावं लागे.

तीनच वर्षांनी, 1968 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स यांनी चांदीची सल्फाडायझिन या सल्फा औषधाशी सांगड घातली. तयार झालं एक टक्क्याचं पांढरं मलम. ते डाग पाडत नव्हतं, लावताना झोंबत नव्हतं, क्षार ओढून घेत नव्हतं आणि स्यूडोमोनासला आवरत होतं. पुढची काही दशकं जगभरच्या बर्न्स वॉर्डांत या मलमाचंच राज्य होतं. महाराष्ट्रातही स्टोव्हच्या भडक्यात होरपळलेल्या कितीतरी बायकांच्या अंगावर सरकारी दवाखान्यात हेच ‘सिल्व्हर सल्फा’ थापलं गेलं.

मग व्रणांचं काय? चांदीने डाग जातात असा समज अजूनही आढळतो. तो खरा नाही. भाजल्याचा व्रण फुगून जाड होईल की नाही, हे बरंचसं जखम किती दिवसांत भरते यावर ठरतं. 1983 मध्ये एडविन डाइच आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला: दोन ते तीन आठवड्यांत भरलेल्या जागांपैकी एकतृतीयांश जागी व्रण फुगले, तीन आठवड्यांहून जास्त लागले तिथे 78 टक्के जागी. संसर्ग झाला की जखम खोल जाते आणि भरणं लांबतं. चांदी तो संसर्ग रोखते. व्रणांवर तिचा जो काही उपकार आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही. मान किंवा कोपर आखडलेल्या माणसाला विचारावं, एका आठवड्याचा फरक म्हणजे काय ते.

इथेच पांढऱ्या मलमाची उणीव उघडी पडली. त्याचा पिवळसर थर जखमेवर बसतो, त्याखाली भाजणं किती खोल आहे हे कळत नाही. रोज ते खरवडून पुन्हा लावायचं, म्हणजे रोज किंकाळ्या. त्यात चांदी नव्या पेशींनाही थोडं मागे खेचते. कोक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात हे मलम जखम भरण्याच्या बाबतीत इतर अनेक पट्ट्यांपेक्षा मागे पडलेलं दिसलं. त्याआधीच, 1990 च्या दशकात, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात अतिसूक्ष्म स्फटिकांच्या चांदीचा मुलामा दिलेली पट्टी तयार झाली होती. ती काही दिवस जागची हलवावी लागत नाही. ती शुद्ध पाण्यानेच भिजवायची, सलाइनने नाही, कारण मिठातलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं.

ही पट्टी महाग. आणि महागाईचं उत्तर महाराष्ट्रात आधीपासूनच शोधलं जात होतं. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी 1980 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर लावून पट्ट्या केल्या. सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 104 रुग्णांत मधाची चांदीच्या मलमाशी तुलना केली. 1991 च्या त्यांच्या निबंधात मधाच्या गटातल्या 87 टक्के जखमा 15 दिवसांत भरल्या, चांदीच्या गटातल्या 10 टक्के. इतकी तफावत थोडी सावधपणेच घ्यायला हवी. पण जगभर प्रमाण मानलेल्या मलमाला सोलापुरातून कोणी प्रश्न विचारला, ही गोष्ट मोलाची आहे.

मुंबईच्याच सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून जखमेवर वापरलं. पान गुळगुळीत, मेणचट. जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण ओरडत नाही. त्याच रुग्णालयात 2000 साली देशातल्या सुरुवातीच्या त्वचापेढ्यांपैकी एक उभी राहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली कातडी तिथे ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवतात. जळालेला भाग काढून त्यावर ही कातडी अंथरली की रुग्णाची स्वतःची कातडी मिळेपर्यंत जखम झाकलेली राहते, आणि रोजचं मलम खरवडणं थांबतं.