मातीचा बैल आणि प्लॅस्टिकचा शिपाई

बुलढाणा जिल्ह्यांत श्रावणी अमावास्येस पोळा भरतो. आदल्या दिवशीं खांदेमळण झालेले बैल झुली पांघरून, शिंगांस बेगड लावून तोरणाखालीं उभे राहतात. ज्यांच्या दाराशीं बैल नसतात त्यांच्याही घरीं पाटावर मातीच्या बैलांची जोडी मांडली जाते. पूजा वडील माणसांची. परंतु ती आटोपली कीं जोडीवर ताबा मुलांचा. वऱ्हाडांतील मुलाच्या हातीं येणारी पहिली मूर्ति पिढ्यान्‌पिढ्या बहुधा हीच असे.

मुलांच्या खेळांतील मूर्तींचा दुसरा एक इतिहास अमेरिकेंतील कारखान्यांत सुरू होतो. १९६४ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें ‘जी. आय. जो’ नांवाचा, सांधे हलणारा शिपाई बाजारांत आणिला. बाहुली म्हटली तर मुलगे ती घेणार नाहींत, या धास्तीनें त्यास ‘ॲक्शन फिगर’ असें नवें नांव दिलें गेलें. प्रथम तो सुमारें बारा इंच उंच होता. १९८२ सालीं तो पावणेचार इंचांवर आला. प्रत्येक शिपायास निराळें नांव, निराळें शस्त्र. आणि वेष्टनाच्या पाठीवर उरलेल्या सोबत्यांचीं चित्रें. एक घेतला कीं दुसऱ्याची ओढ लागावी, अशीच ती योजना होती. भारतांत १९८७ सालीं फनस्कूल ही कंपनी निघाली, आणि हे शिपाई येथील दुकानांतून दिसूं लागले.

आज चाळिशी उलटलेले अनेक गृहस्थ त्यांच्या आठवणीनें हळवे होतात. खाऊचे पैसे सांठवून घेतलेला, बंदूक धरतां धरतां अंगठा मोडलेला, कंबरेंतील रबरी कडें तुटल्यामुळें दोन तुकडे झालेला एखादा शिपाई ते जपून ठेवितात. हरवलेल्यासाठीं मोठी किंमतही मोजतात. मातीच्या बैलांचा असा संग्रह मात्र कोणी केल्याचें क्वचितच दिसतें. हें कां व्हावें?

बैलाची परंपरा तर कितीतरी जुनी आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथें चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या मातीच्या खेळगाड्या व बैल सांपडले. प्रवरेकांठच्या दायमाबादेस १९७४ सालीं मिळालेल्या धातूच्या रथासही बैलांचीच जोडी जुंपलेली आहे. नागपुरास दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं मुलांसाठीं तान्हा पोळा सुरू केला, असें सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं चाकांचा लाकडी बैल दोरीनें ओढीत मुलें घरोघर जातात आणि बोजारा मिळवितात. मातीचा बैल कुंभाराचा, लाकडी बैल सुताराचा. हे दोघेही गांवचे बलुतेदार. त्यांच्या वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीच्या धान्यांतून पोंचत असे. १८६७ सालीं लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव ओलांडून नागपुरास पोंचला, आणि १८७० सालीं कापसाच्या पेठेसाठीं खामगांवचा फांटा निघाला. दूरच्या मालास वाट मिळाली. तरी पोळ्याच्या बैलासाठीं गाडीची वाट पाहण्याची गरज कोणास पडली नाहीं.

उत्तर येथेंच आहे. कच्च्या मातीचा बैल खेळतांना फुटे, नाहीं तर पाण्यांत विरघळे. मुलाचें रडें संध्याकाळपर्यंत टिके. कारण पुढल्या श्रावणांत दुसरी जोडी येणार, हें ठरलेलें होतें. घडविणारा हात शेजारच्या आळींत असतां घडलेली वस्तु जपण्याचें कारण काय? दिवाळींतील किल्ल्याच्या मावळ्यांचें थोडें निराळें. किल्ला मोडला तरी मावळे डब्यांत राहतात आणि वर्षानें पुन्हां बुरुजांवर चढतात. त्या किल्ल्याच्या माथ्यावर बसणाऱ्या शिवरायांची माता जिजाबाई याच जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें १५९८ सालीं जन्मली. तेथेंही सण परत येतो, म्हणून मावळाही परत येतो. प्लॅस्टिकच्या शिपायास मात्र कोणताच सण नव्हता. बालपण सरलें आणि त्याचें परतणें खुंटलें. उरली ती केवळ वस्तु.

संग्रहाचें मूळ पुष्कळदां अशा हरपण्यांत असतें. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, वाद्यें, खेळणीं अशा घरगुती वस्तूंचें थोर संग्रहालय उभारिलें, आणि त्यास बालपणींच निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राचें नांव दिलें.

म्हणून मातीचा बैल अद्याप कपाटांत गेला नाहीं, हें त्याचें दुर्दैव नव्हे. परंतु शेतांत ट्रॅक्टर आला आहे, दावणी रिकाम्या होत आहेत, आणि कुंभाराचीं मुलें दुसरे उद्योग शोधीत आहेत. ज्या वर्षीं नवी जोडी घडणार नाहीं, त्या वर्षीं जुनी जोडी कोणीतरी कापसांत गुंडाळून ठेवील आणि तिचीही किंमत होऊं लागेल. तोंवर पाटावरचा बैल मुलांनीं फोडावा, आणि कुंभारानें पुन्हां घडवावा, यांतच त्याचें जतन आहे.