टाको, भाकर आणि खानखोजे यांची पंगत

२०१० साली बंगळूरला ‘टाको बेल’चे भारतातील पहिले उपाहारगृह उघडले. तेव्हापासून हा मेक्सिकन शब्द आपल्या शहरी खाद्यपत्रिकांत रुळला आहे. त्यात पनीर भरतात, खिमा भरतात, कधी पोळीलाच दुमडून टाको म्हणतात आणि अशा पदार्थाची ‘चाकोरीबाहेरचा’ म्हणून तारीफ होते. आम्हांस त्या विशेषणाची गंमत वाटते. ज्या ‘टाको अल पास्तोर’ला आज अस्सल मेक्सिकन मानतात, तो लेबनॉनहून पुएब्ला प्रांतात गेलेल्या स्थलांतरितांच्या शावर्मातून घडला. मुंबईच्या फ्रँकीचे मूळही तिच्या जनकाने, अमरजितसिंग टिब यांनी, बैरुतमध्ये खाल्लेल्या गुंडाळीत सांगितले जाते. एकाच लेबनॉनी घासाची ही दोन दूरची भावंडे असतील, तर चाकोरी कोणती आणि बाहेर काय, हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही.

खरा फरक सारणात नसून पिठात आहे. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटतात. या संस्कारामुळे पीठ एकजीव होते, टॉर्टिला न मोडता दुमडते आणि मक्यातील नायसिन अंगी लागते. मका पुढे जगभर पसरला, पण चुन्याची ही विद्या त्याच्याबरोबर गेली नाही. जिथे गोरगरीब केवळ मक्यावर जगले, तिथे पेलाग्राचा आजार आला. दाणा प्रवास करतो आणि तो पिकवणाऱ्यांचे शहाणपण मागे राहते, असा हा प्रकार आहे.

गोदाकाठच्या पुणतांब्यात, चांगदेवांच्या समाधीच्या गावी, ही गोष्ट बाजरीच्या भाकरीवरून सांगावी लागेल. बाजरीला चिकटपणा नाही, म्हणून पीठ कोमट पाण्यात तळहाताने रगडून मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. ही भाकर दुमडली तर मोडते. म्हणून रानात जेवणारा ती तळहातावर उघडीच धरतो, वर पिठले किंवा ठेचा घेतो आणि ताटाशिवाय जेवण उरकतो. टाकोचे मूळ कामही याहून निराळे नाही. आपल्या समीक्षेने मात्र भाकरीकडे प्रामुख्याने भुकेचे प्रतीक म्हणून पाहिले. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील भाकरीवर पुष्कळ लिहिले गेले, पण भाकरीमागच्या बियाण्याचा विचार साहित्यचर्चेत क्वचितच येतो.

तो विचार आयुष्यभर करणारा एक मराठी माणूस टॉर्टिलाच्या देशातच होऊन गेला. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले आणि मायदेशी परतीची वाट बंद झालेले खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले. मक्याचा रानटी पूर्वज ‘तेओसिंते’ याच्याशी मक्याचा संकर करण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा उभ्या केल्या. त्यांच्या कामाची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी घेतली. वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे चरित्र मराठीत आणले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते केवळ क्रांतिकारकाची गाथा म्हणून वाचू नये, एवढे सुचवावेसे वाटते.

दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ च्या सुमारास ‘आपली रोजची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचे भित्तिचित्र काढले. त्यात मेजाच्या प्रमुख जागी बसून भाकर मोडणारा जो पुरुष दिसतो, तो खानखोजे यांच्यावरून रेखाटला, असे मानले जाते. भोवती निरनिराळ्या वंशांची माणसे आहेत. ज्या समाजात पंक्तिभेद हा जेवणाचाच नियम होता, ज्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापायी टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, तिथला माणूस परक्या भिंतीवर सर्वांना भाकर वाटतो आहे! याच इमारतीत रिव्हेरांनी दुसरे एक मेज रंगवले आहे, ‘वॉल स्ट्रीटची मेजवानी’. तिथे रॉकफेलर, मॉर्गन, फोर्ड बसले आहेत आणि त्यांच्या हातांतून अन्नाऐवजी बाजारभावाची कागदी फीत सरकते आहे.

बाजारभावाचाच प्रश्न घेऊन पुणतांबा उभे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या ग्रामसभेत संपाचा ठराव झाला आणि १ जूनपासून शेतकऱ्यांनी शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखला. कर्जमाफी आणि उत्पादनखर्चावर आधारित हमीभाव या मागण्या होत्या. पिकवणारा हरताळ पाळू शकतो, ही कल्पना शहरी भोजनगृहांना नवी होती. खाद्यपत्रिकेवर पदार्थाचा देश छापतात, क्वचित आचाऱ्याचे नावही छापतात. कांदा, टोमॅटो, मका यांना बांधावर काय भाव मिळाला, हे मात्र कुठेच नसते. संपाच्या त्या दिवसांत हा न छापलेला रकाना सर्वांना वाचावा लागला. रस्त्यावर ओतलेल्या दुधाबद्दल हळहळ पुष्कळ झाली, दुधाच्या दराबद्दल त्या मानाने कमी. आमच्या मते ही नासाडी समर्थनीय नव्हती, पण हळहळीचे हे प्रमाणही विचार करण्याजोगे आहे.

३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाल्यावर काही नेत्यांनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, इतरांनी तो चालू ठेवला आणि चळवळीत फूट पडली. त्याच महिन्यात सरकारने सुमारे ३४,००० कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. भावाचा प्रश्न शिल्लक राहिला. खानखोजे १९५५ साली भारतात परतले होते आणि १९६७ साली नागपुरात वारले. मोफत कृषिशाळांचा त्यांचा प्रयोग महाराष्ट्रात रुजला नाही. जून २०२२ मध्ये पुणतांब्यातील शेतकरी पुन्हा धरणे धरून बसले.