डब्यातल्या गोट्या

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई पत्र्याचा डबा घेऊन आल्या. सासूबाईंची पेटी आवरताना तो सापडला होता. आत चाळीसेक काचेच्या गोट्या. भंगारवाला म्हणाला, "काचेच्या भावात देऊन टाका." पुतण्या म्हणाला, "काकू, मोबाइलवर पाहिलंय, जुन्या गोटीला लाख रुपये मिळतात." ताईंनी आम्हाला विचारलं, "खरं कोणाचं धरू?" गोटीचा इतिहास कळला की याचं उत्तर आपलं आपल्यालाच देता येतं. म्हणून आज तोच सांगते.

आधी हातातली काचेची बांगडी बघा. बोट फिरवलं की जोड लागतो. काचेची दोन टोकं जुळवल्याची ती खूण. हाताने केलेल्या गोटीलाही अशीच खूण असते. जर्मनीत लाउशा नावाचं काच कारागिरांचं गाव आहे. तिथे १८४० ते १८५० च्या दरम्यान गोट्या करायची खास कात्री निघाली. कारागीर रंगीत काचेची कांडी तापवायचे, तिला पीळ द्यायचे, कात्रीच्या वाटीत टोक गोल करायचे आणि कापायचे. कापल्या जागी खडबडीत व्रण राहायचा, बहुतेक गोट्यांना दोन्ही बाजूंनी. आतले रंगीत धागे या व्रणापासून त्या व्रणापर्यंत पिळासारखे जातात.

पुढे अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्तेन्सन यांनी गोट्या करायच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळवलं. यंत्रात गोटी फिरत फिरत गोल होते, त्यामुळे तो व्रण राहत नाही. आणि आपल्या ओळखीची, आत रंगीत पाकळी असलेली 'मांजरडोळा' गोटी? ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या सुमारास जपानमधून जगभर गेली. तेव्हा कोणी मांजरडोळा दाखवून "इंग्रजांच्या काळातली आहे" म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

आता आपल्या यात्रेतली गोटी. धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा असो की मुक्ताईनगरची, गोटी सोड्याची गाडी दिसली की पोरं थांबणारच. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ च्या सुमारास काढली. बाटलीच्या तोंडात रबराची चकती असते. आतल्या वायूचा दाब गोटीला वर ढकलतो आणि ती चकतीला घट्ट बसते. म्हणजे गोटी हेच बूच! अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने दाबली की फट्‌ आवाज होतो आणि गोटी मानेच्या खाचेत अडकते. बाटलीचं तोंड घडवण्याआधीच गोटी आत टाकलेली असायची. त्यामुळे ती काढायला पोरं बाटलीच फोडायची. इंग्लंडातली पोरंही तेच करायची. ही गोटी साधी, बिनधाग्याची असते आणि बऱ्याचदा हिरवट दिसते. वाळूतल्या लोखंडाच्या अंशाने काचेला तो रंग येतो.

मोल कसं ठरतं? हाताची गोटी यंत्राच्या गोटीपेक्षा वरचढ. मोठी आणि दुर्मीळ रंगाची असेल तर आणखी वर. टवका उडाला, ओरखडे पडले की भाव उतरतो. म्हणून घासू नका, पॉलिश करू नका. मऊ सुती कापडात वेगवेगळ्या गुंडाळून ठेवा. सोड्याची सुटी गोटी मिळायला सोपी. त्यापेक्षा उठावदार अक्षरांची अख्खी जुनी बाटली मोलाची. ती फोडू नका.

आणि फोनवर कोणी म्हणालं, "लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा," तर फोन ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने असंच चालतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. खरा घेणारा आधी वस्तू बघतो आणि पैसे तो देतो.

आणखी एक. वस्तू कुठली, कोणाची, हे ठाऊक असलं की तिचं मोल वाढतं. आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. तेवढेसे मणी, पण कुठे, कोणत्या थरात मिळाले याची नोंद झाली. म्हणून त्यांच्यावरून खान्देशात एके काळी शहामृग होते, हे सांगता आलं. नोंद नसती तर ते नुसते कवचाचे तुकडे राहिले असते.

मग ताईंच्या डब्याचं काय झालं? आम्ही सगळ्या गोट्या उजेडात धरून पाहिल्या. निम्म्या सोड्याच्या, बाकीच्या मांजरडोळा. व्रणाची एकही नाही. म्हणजे लाख नाहीत, हजारही नाहीत. पण ताईंनी घरी जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हा पोरींच्या हातात सागरगोटे. गोट्या खेळलं की आई रागवायची. भाऊ जिंकलेल्यातल्या दोन-दोन मला गुपचूप द्यायचा. तो गेला, डबा राहिला."

ताईंनी हे सगळं कागदावर लिहिलं, खाली सासूबाईंचं आणि गावाचं नाव घातलं, आणि कागद डब्यातच ठेवला. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल. विकायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून ठेवा.