हरवलेले दहा दिवस

इ. स. १५८२ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस या गावी ४ तारखेच्या रात्री आव्हिलाच्या संत तेरेसाने देह ठेवला. कार्मेल संघाच्या मठांना नवे वळण लावणारी ही थोर संन्यासिनी. दुसऱ्या दिवशी तिचे दफन झाले आणि त्या दिवसाची तारीख होती १५ ऑक्टोबर! मृत्यू आणि दफन यांच्यामध्ये रात्र एकच गेली. दिनदर्शिकेतून मात्र दहा तारखा नाहीशा झाल्या. कॅथलिक ख्रिस्तसभा संत तेरेसाचा सण १५ ऑक्टोबर रोजी पाळते, त्याचे मूळ या एका रात्रीत आहे.

पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. आज पंचमी आणि उद्या सप्तमी असे आपल्याकडे अधूनमधून होतच असते. षष्ठीचा क्षय झाला असे आपण म्हणतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. वारांचा क्रम तेवढा अखंड राहतो. स्पेनमध्येही तेच झाले. ४ ऑक्टोबरला गुरुवार होता आणि १५ ऑक्टोबरला शुक्रवार. फरक इतकाच की तेथे एका तिथीचा नव्हे, दहा तारखांचा एकदम क्षय झाला.

हे करण्याची वेळ का आली? त्याचे उत्तर सुमारे सोळाशे वर्षे मागे जाते. रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याने इ. स. पूर्व ४५ पासून नवी कालगणना सुरू केली. वर्षाचे दिवस ३६५ आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस अधिक, असा तिचा सुटसुटीत नियम होता. म्हणजे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे धरले गेले. परंतु ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. वर्षाकाठी अकरा मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे कोणालाही वाटेल. पण थेंबे थेंबे तळे साचते. सुमारे १२८ वर्षांत या मिनिटांचा एक पूर्ण दिवस होतो. इ. स. ३२५ मध्ये नायसीआ येथे धर्मपरिषद भरली, त्या काळी वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास होत असे. सोळाव्या शतकात तो ११ मार्चवर येऊन ठेपला.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ही साधी बाब नव्हती. येशूच्या पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी पाळला जातो. संपाताची तारीख पुस्तकात २१ मार्च आणि आकाशात ११ मार्च अशी फारकत झाल्यावर वर्षातील सर्वांत मोठा सणच भलत्या दिवशी पडू लागला. इटलीतील कालाब्रिया प्रांताचा वैद्य लुइजी लिलिओ याने यावर तोड काढली. मात्र ती अमलात येण्यापूर्वीच, १५७६ साली, तो निवर्तला. त्याचा आराखडा त्याच्या भावाने रोममध्ये सादर केला. पुढे येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लाविउस याने त्याचे विवरण केले, टीकाकारांना उत्तरे दिली. आणि २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोप तेरावे ग्रेगरी यांनी आज्ञापत्र काढले. साचलेले दहा दिवस एकदम गाळावयाचे, आणि यापुढे शतकाच्या वर्षाला ४०० ने पूर्ण भाग जात असेल तरच ते लीप वर्ष मानावयाचे, असे ठरले. म्हणूनच १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० होते.

स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीचा बहुतेक भाग यांनी ही आज्ञा ठरल्या दिवशी अमलात आणली. परंतु आज्ञापत्राला पंख नव्हते. लिस्बनहून गोव्याकडे येणारी गलबते वसंतात निघत आणि सुमारे सहा महिन्यांनी मांडवीच्या मुखाशी पोहोचत. त्यामुळे लिस्बनमध्ये १५ ऑक्टोबर उजाडला, त्या दिवशी गोव्यात ५ ऑक्टोबरच चालू होता! एकाच राजाच्या दोन नगरांत दहा दिवसांचे अंतर पडले.

हे अंतर समुद्राचे होते, आणि ते पुढच्या गलबतांनी मिटवले. मनांतील अंतर मिटावयास मात्र फार काळ लागला. सुधारणा पोपने केलेली, एवढ्या एका कारणावरून प्रॉटेस्टंट देशांनी ती नाकारली. सूर्य कोणत्याच पंथाचा नव्हता. तरीही त्याचा निवाडा मानण्यात पोपला शरण गेल्यासारखे वाटत होते. जर्मनीतील आउग्सबुर्ग या दोन्ही पंथांच्या शहरात या प्रश्नावरून १५८४ मध्ये दंगल उसळली. जर्मनीच्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० साली, तर ब्रिटनने १७५२ साली नवी गणना पत्करली. तोवर चूक अकरा दिवसांची झाली होती. ब्रिटनमध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. स्वीडनची कथा तर याहून विलक्षण. त्यांनी सुधारणा हळूहळू करावयाचे ठरवले, मध्येच ती सोडून दिली, आणि जुन्या गणनेवर परत येण्यासाठी १७१२ साली फेब्रुवारीला ३० दिवस दिले!

‘आमचे अकरा दिवस परत द्या’ अशी आरोळी देत इंग्लंडमधील लोकांनी तेव्हा दंगे केले, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. या दंग्यांना समकालीन सबळ पुरावा मात्र नाही. विल्यम होगार्थ या चित्रकाराने पुढे निवडणुकीवर एक उपहासात्मक चित्र रंगवले. त्यात ही घोषणा लिहिलेला एक फलक दिसतो, आणि त्यावरूनच ही कथा वाढली असावी. वस्तुतः भाडे, मजुरी आणि देणी अकरा दिवस आधी वसूल करता येऊ नयेत, अशी तरतूद त्या कायद्यातच होती.

अशा चमत्कारिक गोष्टी सांगताना कोणती तारीख कोणत्या गणनेची, हे न पाहिल्यास चांगले ग्रंथही फसतात. गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य शाळेतील मुलेही मोठ्या आवडीने सांगतात. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, तो इटलीच्या नव्या गणनेने. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, तो इंग्लंडच्या जुन्या गणनेने. दोन्ही एकाच मापाने मोजल्यास न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो आणि योगायोग नाहीसा होतो. शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्वांतेस यांचा मृत्यू २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी झाला, ही समजूतही अशीच. शेक्सपिअरचा २३ एप्रिल हा स्पेनमधला ३ मे होता. आणि सर्वांतेस बहुधा २२ तारखेलाच निवर्तला होता. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ तर इतर जगाच्या दिनदर्शिकेत ७ नोव्हेंबर १९१७ ला घडली.

हा घोटाळा आपल्या उंबऱ्यापर्यंतही आलेला आहे. चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या, ती तारीख पोर्तुगिजांच्या गणनेने १६ मे १७३९. खाडीपलीकडे मुंबईत इंग्रजांच्या वखारीत त्याच दिवशी ५ मे होता. मराठी दप्तरात शके १६६१, सिद्धार्थी नाम संवत्सर चालू होते. रणांगण एक, दिवस एक. कागद मात्र तीन तऱ्हांचे. असे कागद जुळवताना अभ्यासकाने प्रथम विचारावे, ही तारीख कोणाची?

दुसऱ्याच्या चुकीवर हसताना आपल्याही घरात डोकवावे. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. आपण त्याचा तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो. आपले पंचांग नक्षत्रांवरून वर्ष मोजते, आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनंतर २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका भारत सरकारने स्वीकारली. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. घरोघरच्या भिंतीवर तिला फारशी जागा मिळालेली नाही.

१५८२ च्या त्या रात्री कोणाच्याही आयुष्यातला एक क्षणसुद्धा हरवला नाही. हरवली ती केवळ दिवसांची नावे. परंतु त्या नावांना माणसांचे सण, उपवास, भाडेपट्टे आणि अभिमान चिकटलेले होते. म्हणूनच आकाशाने कधीच दिलेला निकाल मान्य करावयास ब्रिटनला १७० वर्षे लागली. चूक कळावयास गणित पुरेसे होते. ती दाखवून देणारा आपल्या पक्षाचा नसतानाही ती मान्य करणे, हे त्या गणितापेक्षा अवघड ठरले.