तांबड्या तेलाची कथा

मोटारीच्या इतिहासांत इंजिनाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. परंतु स्वयंचलित गिअरपेटींत खेळणाऱ्या तांबड्या तेलाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. हें तेल केवळ वंगण नव्हे. तें इंजिनाची शक्ति चाकांकडे पोंचवितें, आपल्या दाबानें गिअर बदलवितें, उष्णता बाहेर आणतें आणि आंतील चकत्यांची पकड किती घट्ट असावी हेंहि ठरवितें.

या कल्पनेचा उगम मोटारींत नसून जहाजांत आहे. स्टेटिन येथील व्हल्कन गोदींतील जर्मन अभियंते हेर्मान फोटिंगर यांस टर्बाइनचा अतिवेग व जहाजाच्या पंख्याचा मंद वेग यांचा मेळ घालावयाचा होता. १९०५ सालीं त्यांनीं अशी युक्ति योजिली कीं, एका चक्रानें द्रव फेंकावा व समोरच्या चक्रानें त्याच्या माऱ्यानें फिरावें. दोहोंचा स्पर्श मात्र होऊं नये. पुढें १९३९ सालीं जनरल मोटर्सनें ‘हायड्रा-मॅटिक’ ही गिअरपेटी ओल्डस्मोबील गाडीकरितां जाहीर केली, आणि चालकाच्या डाव्या पायाचा क्लच दाबण्याचा उद्योग संपला. १९४९ सालीं तिच्या तेलाचें ‘टाइप ए’ हें प्रमाण ठरलें. गळती चटकन ओळखूं यावी म्हणून अशा तेलास तांबडा रंग देण्याचा प्रघात पडला.

या तेलांत मिसळण्याचें एक मोलाचें द्रव्य म्हणजे स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल. तें दाब व उष्णता सोशी, आणि त्याच्या योगें चकत्या धक्का न देतां एकमेकींस धरीत. एकोणिसाव्या शतकांत या माशाच्या तेलावर दिवे जळत. खनिज तेल निघालें तेव्हां त्याची सुटका झाली असें वाटलें. परंतु यंत्रयुगानें त्यास पुन्हां गांठलें. १९६० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षीं जगभर २०,००० हून अधिक स्पर्म देवमासे मारले गेले. त्यांचें तेल अनेक कामीं लागे. मोटार हें त्यांपैकीं एक.

१९७० सालीं अमेरिकेनें या माशास नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांत गणलें व लौकरच त्याच्या तेलाची आयात बंद झाली. मग रसायनशास्त्रज्ञांची धांवपळ उडाली. वाळवंटांतील होहोबा झुडपाच्या बियांत तशाच जातीचें तेल आढळतें, तिकडे लक्ष गेलें. कृत्रिम द्रव्येंहि सिद्ध झालीं. आरंभींच्या एका मिश्रणानें तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे कुरतडले, तेव्हां त्यांत गंजरोधक घालावें लागलें. तथापि गाड्या थांबल्या नाहींत.

पर्याय सांपडला म्हणून बंदी आली, असें झालें नाहीं. बंदी आली म्हणून पर्याय शोधावा लागला. ज्यास आपण अपरिहार्य म्हणतों तें पुष्कळदां केवळ सोयीचें असतें, एवढें या क्रमावरून ध्यानांत यावें.